गल्ल्यात किती आणि वहीत किती? रोख रक्कम नेमकी कशाला म्हणावी

व्यापारी माणसाला “धंदा कसा चालला आहे?” असे विचारले तर तो विक्रीचा आकडा सांगतो. “रोकड किती आहे?” असे विचारले तर क्षणभर थांबतो आणि मग जो आकडा सांगतो, त्यात गल्ला, बँक, उधारी, भिशी, मुदत ठेव असे सारे काही मिसळलेले असते. खोटे सांगण्याचा त्याचा हेतू नसतो. हे सर्व पैसे त्याचेच असतात. पण आपले पैसे असणे आणि आपल्याकडे रोख असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न घेतल्याने चांगली दुकाने अडचणीत येतात, कारागिरांची मजुरी राहते, आणि दुसऱ्या बाजूने जकातीचा हिशेबही चुकतो. म्हणून या लेखात रोख रक्कम कशाला म्हणावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

चाँदरातीचा हिशेब

२०२५ साली ईद-उल-फित्र सोमवारी, ३१ मार्चला आली. त्याच दिवशी आर्थिक वर्षही संपत होते. आदल्या दिवशी रविवार होता आणि गुढीपाडवाही होता. म्हणजे बँकेच्या शाखेत जाऊन काही काम करायचे, तर ते शनिवारी २९ तारखेलाच उरकायला हवे होते. रविवारी संध्याकाळी चंद्र दिसला आणि बाजारात एकच गर्दी उसळली.

आता समजा, परभणी शहरात तयार कपड्यांचे एक दुकान आहे आणि मागच्या खोलीत शिलाई मशीनवर काम करणारे कारागीर आहेत. दुकान काल्पनिक आहे, पण असे दुकान जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, गंगाखेड अशा कोणत्याही गावच्या बाजारात आढळेल. त्या रविवारी रात्री मालकाने मनातल्या मनात आपली रोकड मोजली ती अशी :

गल्ला – ४४,००० रुपये
घरच्या कपाटात ठेवलेली दुकानाची रक्कम – २५,०००
चालू खाते, मोबाइलवर दिसणारी शिल्लक – ८२,०००
कार्ड मशीनवर घेतलेले, खात्यात यायचे असलेले – ११,०००
गिऱ्हाइकांचे पुढच्या तारखेचे धनादेश – ८५,०००
एक वर्षाची मुदत ठेव – २,००,०००
ठोक व्यापाऱ्याला दिलेल्या बँक हमीपोटी अडकवलेली ठेव – ५०,०००
भिशीत भरलेले हप्ते – ६०,०००
कारागिरांना दिलेली उचल – ३५,०००
उधारीची वही – १,४५,०००
जीएसटीच्या पोर्टलवर भरून ठेवलेली रक्कम – ८,०००

एकूण ७,४५,००० रुपये. देणे मात्र फक्त १,७५,००० : कारागिरांची मजुरी ७२,०००, दुकानभाडे १३,००० आणि ठोक व्यापाऱ्याचे ९०,०००. आकडे पाहून मालक निश्चिंत झाला. पण रात्री दहा वाजता मजुरी, भाडे आणि मालाचे पैसे चुकते करायला बसला तेव्हा हातात निघाले १,२५,०००. म्हणजे पन्नास हजार कमी. साडेसात लाखांचा धनी चाँदरातीला हातउसने मागत फिरला. ही चूक कुठे झाली?

हिशेबशास्त्र काय सांगते

या बाबतीत जगभर जवळपास एकच व्याख्या चालते. आंतरराष्ट्रीय लेखा मानक क्रमांक ७ याला १९९२ साली आजचे स्वरूप मिळाले. आपल्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने १९९७ साली लेखा मानक ३ सुधारून रोख प्रवाहाच्या विवरणपत्राचे नियम घालून दिले. दोन्हींचा आशय असा :

रोख म्हणजे हातातील चलन आणि बँकेतील अशी रक्कम, जी मागताक्षणी मिळते.

रोखीसमान म्हणजे अल्प मुदतीची अशी गुंतवणूक, जी सहज मोडता येते, मोडल्यावर किती रुपये येतील ते आधीच ठाऊक असते आणि जिच्या किमतीत घट होण्याचा धोका नगण्य असतो. साधारणपणे ती घेतल्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत पिकणारी असावी लागते.

बहुतेक लहान मालकी दुकानांवर हे विवरणपत्र तयार करण्याचे बंधन नाही. पण व्याख्या उपयोगाची आहे, कारण ती व्यापाऱ्याला तीन साधे प्रश्न विचारायला शिकवते. हे पैसे आज मिळतील काय? नेमके किती मिळतील हे ठाऊक आहे काय? आणि ते घेण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या मर्जीची गरज आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे मनासारखी आली तरच ती रोख. या कसोटीवर आपल्या दुकानदाराची यादी तपासून पाहू.

एकेक रक्कम तपासू

गल्ला : ४४,००० पैकी ६,००० च्या नोटाच नव्हत्या, चिठ्ठ्या होत्या. घरखर्चाला काढले त्याची एक चिठ्ठी, शेजारच्या दुकानदाराला दिले त्याची एक, अशा. चिठ्ठी ही घरखर्चाची उचल असेल किंवा येणे असेल, रोख कधीच नसते. खरा गल्ला ३८,०००.

घरचे कपाट : ही रक्कम दुकानाची आहे आणि वहीत तशी नोंद आहे, म्हणून २५,००० रोख धरता येतील. नोंद नसेल तर घरचे आणि दुकानाचे पैसे एकमेकांत मिसळतात आणि वर्षअखेर दोन्हींचा ताळा लागत नाही.

चालू खाते : मोबाइलवर ८२,००० दिसत होते. पण त्यातून २०,००० चा धनादेश आधीच कोणाला तरी दिलेला होता, तो अजून बँकेत लागला नव्हता. बँकेची शिल्लक आणि आपल्या वहीची शिल्लक यांचा मेळ घालावा असे जे सांगतात, ते यासाठीच. खरी शिल्लक ६२,०००.

कार्ड मशीनचे ११,००० : पैसे येणार यात शंका नाही. पण खात्यात पडेपर्यंत ते येणेच आहे. मोबाइलवरून थेट खात्यात आलेली रक्कम मात्र आल्या क्षणापासून रोख.

पुढच्या तारखेचे धनादेश : आज बँक ते घेणार नाही, आणि त्या तारखेला वटतील याची खात्री नाही. ही उधारीच आहे, फक्त कागदावर सही करून दिलेली.

एक वर्षाची मुदत ठेव : इथे बरेच जण फसतात. ठेव पिकायला महिनाच राहिला असला तरी ती रोखीसमान होत नाही, कारण तीन महिने मोजायचे ते ठेव ठेवल्या दिवसापासून, वर्षअखेरपासून नव्हे. ठेव मोडता येते हे खरे, पण रविवारी शाखा बंद असते आणि मोडल्यावर बहुधा काही रक्कम कापली जाते. वहीत ती ‘बँकेतील ठेवी’ म्हणून वेगळी दाखवावी. ठेवीवरील व्याजाचा प्रश्न वेगळा आहे. त्याबाबत प्रत्येकाने उलमांचे मार्गदर्शन घ्यावे. मुद्दलाची नोंद मात्र करावीच लागते.

हमीपोटी अडकवलेली ठेव : पैसे आपले, पण किल्ली दुसऱ्याकडे. हमी सुटेपर्यंत ती रोख नाही.

भिशी : आपला नंबर लागेपर्यंत भरलेले हप्ते हे इतर सभासदांकडील येणे आहे. नंबर लागून रक्कम हातात आल्यावर ती रोख होते, पण त्याच दिवसापासून उरलेले हप्ते हे देणे होते. ही दुसरी बाजू पुष्कळ जण विसरतात.

उचल आणि उधारी : उचल कामातून फिटेल, उधारी सवडीने फिटेल. आपल्या जिल्ह्यात खेड्यातले गिऱ्हाईक कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर पैसे देते. पीक बुडाले तर वायदा पुढच्या हंगामावर जातो. मालमत्ता म्हणून वहीत त्याला जागा आहे, रोखीत नाही.

जीएसटीची रक्कम : पोर्टलवर त्या खात्याच्या नावातच ‘कॅश’ हा शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो. ती रक्कम कर भरण्यासाठी सरकारकडे जमा आहे. तिने कारागिराची मजुरी देता येत नाही.

अशा रीतीने ३८,००० + २५,००० + ६२,००० = १,२५,०००. बाकीचे ६,२०,००० खोटे नव्हते, पण ते रोखही नव्हते.

काही गोष्टी या यादीत नव्हत्या, पण त्या नेहमी विचारल्या जातात. सोने हे रोखीसमान नाही, कारण त्याचा भाव रोज बदलतो. दुकानातला माल, मग तो फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसासाठी भरलेला आणि हमखास खपणारा असला तरी, विकला जाईपर्यंत मालच आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात न उचललेली मर्यादा ही आपली शिल्लक नव्हे, ती कर्ज घेण्याची सवलत आहे. आणि मशिदीचा किंवा मदरशाचा निधी, किंवा कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली रक्कम आपल्या तिजोरीत असेल, तर ती अमानत आहे. ती स्वतंत्र पाकिटात आणि स्वतंत्र वहीत असावी. गल्ल्यात मिसळलेली अमानत अडचणीच्या दिवशी खर्च होऊन जाते आणि मग हिशेबाचा प्रश्न इमानाचा होऊन बसतो.

नोटही कधी रोख राहत नाही

हातात नोटा असल्या म्हणजे रोख असलीच, असेही नाही. आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे हाली शिक्क्याचा, म्हणजे उस्मानिया रुपया चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानात कलदार रुपया. रेल्वेने मनमाडमार्गे मुंबईशी व्यवहार करणाऱ्या कापसाच्या व्यापाऱ्याला दोन्ही नाण्यांशी संबंध येई. दोघांचे नाव रुपयाच, पण किंमत वेगळी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारतीय रुपया येथे आला तेव्हा सात हाली रुपयांना सहा कलदार हे प्रमाण होते. पुढे हाली शिक्का काढणे थांबले आणि १९५९ साली त्याचे चलन म्हणून अस्तित्वच संपले. ज्याने सातशे हाली आणि सहाशे कलदार यांची सरळ बेरीज करून तेराशे लिहिले, त्याची वही चुकलीच. आधी एका नाण्यात आणावे आणि मग बेरीज करावी, हा नियम आजही तोच आहे. आखाती देशात नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेले रियाल किंवा दिरहम रोखच आहेत, पण वहीत लिहायचे ते त्या दिवशीच्या दराने, रुपयांत.

दुसरा प्रसंग सर्वांच्या आठवणीतला. मंगळवार, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. संध्याकाळी मोजलेला गल्ला मध्यरात्रीनंतर रोख राहिला नाही. तो बँकेत भरण्याजोगा कागद झाला आणि भरण्याची मुदत होती ३० डिसेंबरपर्यंत. ज्यांची रोजकीर्द त्या रात्रीपर्यंत लिहिलेली होती त्यांना नोटा कुठून आल्या हे सांगणे सोपे गेले. ज्यांची नव्हती, त्यांना खुलासे देत बसावे लागले. मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्यात आल्या, तेव्हा मात्र त्यांची कायदेशीर मान्यता काढली नव्हती. दोन प्रसंगांतला हा फरक व्यापाऱ्याने ओळखला पाहिजे.

बँकेतील शिल्लकसुद्धा अशीच अडकू शकते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला एकूण फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. खात्यावर लाखो रुपये दिसत होते, पण मागताक्षणी मिळत नव्हते. म्हणजे व्याख्येप्रमाणे ती रोख राहिली नव्हती. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. जादा दराच्या आमिषाने धंद्याचे खेळते भांडवल पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जकातीचा प्रश्न वेगळा आहे

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. वरचा हिशेब वाचून कोणी म्हणेल, “चला, माझी रोख सव्वा लाख आणि देणे पावणेदोन लाख. म्हणजे माझ्यावर जकातच नाही.” ही मोठी चूक ठरेल. रोख मोजताना आपण विचारतो, “आज किती देऊ शकतो?” जकात मोजताना विचारायचे असते, “माझ्या मालकीचे किती आहे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

आपल्याच दुकानदाराचे उदाहरण घेऊ. रोख १,२५,०००. त्यात कार्डाचे ११,०००, धनादेशांचे ८५,०००, मुदत ठेवीचे मुद्दल २,००,००० आणि भिशीचे ६०,००० मिळवावे लागतील. उधारीपैकी समजा ३०,००० बुडीत आहेत, तर वसूल होण्याजोगे १,१५,००० धरावे. विक्रीचा माल बाजारभावाने समजा ४,००,००० चा आहे. एकूण ९,९६,०००. त्यातून लगेचचे देणे १,७५,००० वजा केले तर ८,२१,००० उरतात. चाळीसावा भाग, म्हणजे अडीच टक्क्यांप्रमाणे जकात २०,५२५ रुपये. ज्याने फक्त गल्ला पाहिला त्याने शून्य काढली असती.

शिलाई मशीन, कात्री, दुकानातले फर्निचर ही धंद्याची साधने आहेत. त्यांवर जकात नाही. उधारीवरील जकात आताच द्यावी की वसूल झाल्यावर, कारागिराची उचल, अडकवलेली ठेव आणि जीएसटीची रक्कम कशी धरावी, याबाबत आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. पण विचारायला जाताना आकडे आणि त्यांचे प्रकार वेगवेगळे लिहून न्यावेत. “माझ्याकडे साडेसात लाख आहेत” एवढेच सांगितले तर आलिमसाहेब तरी काय उत्तर देणार? निसाबासाठी आपल्याकडे ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोने हे माप धरण्याची पद्धत आहे. तसेच जकातीचे वर्ष चांद्र असते आणि ते आर्थिक वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. २०२५ सारखी दोन्ही वर्षे जवळ आली म्हणून ३१ मार्चचा ताळेबंदच कायम जकातीला वापरावा, असे करू नये. आपली जकातीची चांद्र तारीख ठरवून त्या दिवशी वेगळी यादी करावी.

काय करावे

पहिले, रोज रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजून रोजकीर्दीत लिहावा. चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे, आठवड्यातून एकदा बँकेची शिल्लक आणि वहीची शिल्लक जुळवावी. दिलेले पण न वटलेले धनादेश वजा करावेत.

तिसरे, वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावेत : आजची रोख, तीन महिन्यांत येणारे, त्यानंतर येणारे. मजुरी आणि भाडे नेहमी पहिल्या रकान्यातून द्यायचे, दुसऱ्या रकान्याच्या भरवशावर नवा माल उचलायचा नाही.

चौथे, ईद, उरूस, लग्नसराई अशा मोठ्या खर्चाच्या महिनाभर आधी हे पान पाहावे. आपल्या दुकानदाराने शाबानमध्येच ते पाहिले असते तर चार गिऱ्हाइकांकडून उधारी गोळा झाली असती, ठोक व्यापाऱ्याकडून पंधरा दिवसांची सवड मिळाली असती, किंवा २९ तारखेला बँकेत जाऊन ठेव तरी मोडता आली असती. मालमत्ता पुरेशी होती. फक्त ती रोखीत आणायला वेळ लागतो, एवढेच ध्यानात यायला हवे होते.

पाचवे, रोख असली तरी ती कशीही देता-घेता येत नाही. २०१७ पासून धंद्याच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली तर काही अपवाद सोडता तो खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे. मोठी मजुरी आणि मालाचे पैसे खात्यातूनच द्यावेत.

कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, ही देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये अशी शिकवण त्यात आहे. मजुराची मजुरी अडवून धरू नये, हीही आपल्याला मिळालेली ताकीद आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. ज्याची वही नीट, त्याची मजुरी वेळेवर. चाँदरातीला कारागीर हातात पैसे घेऊन घरी गेला, तर त्याच्या मुलांचे कपडेही बाजारातल्याच कुठल्यातरी दुकानातून जातात. त्यासाठी साडेसात लाखांची फुशारकी लागत नाही. पावणेदोन लाखांची खरी रोख हाताशी असली म्हणजे पुरते.